वाघाचं नाव

कानावरची पेन्सिल काढून जिभेला लावायची आणि समोरच्याला विचारायचं, "तुमच्यात याले काय म्हणता?" तळेगावात आमच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मास्तरांची ही सवय. नोकरी संपल्यावर ते बाजारात आलेल्या माणसांकडून जनावरांची नावं गोळा करत. सासूबाई म्हणत, "मास्तर, बैलाले बैलच म्हणतात जी. किती डाव विचारता?"

त्यांचा जीव मात्र वाघाच्या नावात होता. छोटानागपुराहून पत्रानं 'कुल' आलं, आसामच्या डोंगरातून 'खला'. मी चहा ठेवला की सांगत, "सूनबाई, हे मुळात एकच नाव. हजारो वर्षं चालत इतकं लांब गेलं. आता आपल्या रानातल्या कोरकूंचं तेवढं कानांनी ऐकायचं आहे." कलकत्त्याचे एक विद्वान त्यांचं टिपण पुस्तकात घेणार होते. ते होळीच्या आत पोचायला हवं होतं.

मोळी विकणारी एक कोरकू बाई आमच्याकडे येई. मास्तरांनी तिला ओसरीवर बसवलं. मोर, अस्वल, ससा, सगळं तिनं भराभर सांगितलं. वाघ म्हटल्यावर मान हलवली.

"माहा माणूस जंगलात हाये, सागाच्या कटाईले. आता नाव नाई घेत मी. घेतलं का येते थो."

मी दारामागे उभी होते. मास्तर तिला समजावतील असं वाटलं. त्यांनी वही मिटली.

"राहू दे. नवरा घरी आला म्हणजे सांगजो."

"होळीनंतर येईन थो."

"मग होळीनंतर."

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. टिपण गेलंच नाही.

होळीनंतर ती नवऱ्याला घेऊन आली. त्याचा दंड धरून बसली नि म्हणाली, "कुला. कुला म्हणतो आमी." मास्तरांनी तीनदा म्हणवून घेतलं, मग आसामचा शब्द वाचून दाखवला.

"थे आमचेच काय जी?" नवऱ्यानं विचारलं.

"फार जुने भाऊबंद."

"मंग त्याइच्या बाया नाव कशा घेतेत?" ती म्हणाली. "भेत नाई?"

"हे मी विचारलंच नाही," म्हणत मास्तर लगेच आसामला कार्ड लिहायला बसले.

पावसाळ्यात मास्तर छातीच्या दुखण्यानं गेले. उत्तर दिवाळीत आलं, हिंदीत. मी अक्षर लावून वाचलं. तिकडेही नवरा रानात असला की बायका नाव घेत नाहीत.

परक्या बाईशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. पण पावसाळ्यानंतर ती पहिल्यांदाच मोळी घेऊन आली तेव्हा अंगणात जाऊन सांगितलं. ती डोक्यावरच्या मोळीसकट उभी राहून ऐकत होती. हसली.

"मास्तरले सांगतलं काय?"

मी पुढे होऊन आधी मोळी उतरवायला हात लावला.