आईच्या फरशीवर लाकूड

गारखेड्यातल्या आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती, मोरीकडं उतार दिलेली. दर अमावस्येला आई बादल्या ओतून, खराट्यानं सगळं घर धुवून काढायची. मला त्या काळपट फरशीची लाज वाटायची. हापिसातले साहेब जेवायला येणार म्हणून मी तिच्यावरच लाकडी फरशी बसवायला काढली आणि आईला बजावलं, आता घरात पाण्याचा थेंब नको.

मिस्त्री म्हातारा होता, कामाचा पक्का. त्यानं उतार भरून जमीन सारखी केली, मग म्हणाला, "साब, दीवार से उंगली भर जगा छोडना पडता. बारिश की हवा में लकडी फुलती." ती फट माझ्या डोळ्यांत खुपत होती. म्हटलं, लई शहाणपणा नको, भिंतीला चिकटव. त्यानं चिकटवलं.

आषाढातल्या अमावस्येच्या दुसऱ्याच दिवशी बैठकीत मधोमध पट्ट्या वर उचलून आल्या. मी थेट आईला धारेवर धरलं. ती म्हणाली, "नाय रं बाबा, बादलीला हात नाय लावला मी." मी ऐकतोय कसला! आठ दिवस येता-जाता तिला टोचत राहिलो. बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणायचो, म्हातारीला केलेलं आठवत नाही. तसं बोलून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

शेवटी जेवताना ती म्हणाली, "व्हय, वतलं असंल मीच. ध्यानात राहत नसंल. पर मला हितंच राहू दे, दुसरीकडं झोप नाय लागत."

दुसऱ्या दिवशी मी तिला मुकुंदवाडीला माझ्या बहिणीकडं सोडून आलो.

मग मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पट्ट्या काढल्या. खाली सगळं कोरडं ठणठणीत, नुसती धूळ. "पानी नहीं गिरा, साब. जगा नहीं छोडे, इसलिए उठी," तो म्हणाला. मी म्हटलं, आता सोड जागा. चारी बाजूंनी पट्ट्या कापून, परत बसवून तो गेला. साहेब आले, जेवले, फरशीचं कौतुक करून गेले.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. फरशी नीट झाली का, तिनं विचारलं. झाली म्हणालो. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरला दाखवतो का रं मला? लई आठवून बघितलं, पाणी कवा वतलं ते ध्यानातच येत नाय. भ्या वाटतंय."

मी म्हणालो, "वय झालं आई. होतं असं."