‘खलास’ म्हणून बंद केलेली गोळी

“हा तुमचा जुना आजार परत आलेला नाही,” अबुधाबीच्या डॉक्टर म्हणाल्या. “गोळी एकदम तोडल्यामुळे झालेला त्रास आहे हा. याला डिसकंटिन्युएशन सिंड्रोम म्हणतात.”

बाई सुदानच्या. इंग्रजीत बोलत होत्या, पण इतक्या सावकाश की माझ्या शेजारी बसलेल्या मिस्टरांनाही शब्द न् शब्द कळावा. मला वाटलं होतं, आजाराला नाव मिळालं की हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. मला संताप आला. असा की खुर्चीचे हात घट्ट धरून बसावं लागलं. कारण हे नाव सांगायला त्यांना माझं फक्त ऐकून घ्यावं लागलं होतं. त्याआधी महिनाभर माझ्या डोक्याचे फोटो निघाले, कानात पाणी सोडलं, हाताला जागोजागी सुया टोचल्या. ऐकून मात्र कोणी घेतलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी या गोळ्या घेत असेल, कोणाची बायको, बहीण, मित्र घेत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी शबाना. माहेर श्रीवर्धनचं, शाळा मराठी माध्यमाची. लग्नानंतर इथे अमिरातीत, फुजैराला आले. मिस्टर इक्बाल तेलाच्या टर्मिनलवर आहेत. मी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. जहाजावरून उतरणाऱ्या खलाशांचे व्हिसा, तिकिटं, हॉटेल, असं सगळं बघायचं. आम्हाला एक मुलगी आहे, आलिया. दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर मला डिप्रेशन आलं. उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. आंघोळ करणं डोंगर चढण्यासारखं वाटायचं. तेव्हा व्हेनलाफॅक्सिन नावाची गोळी सुरू झाली आणि हळूहळू मी माणसांत आले. हे मुद्दाम सांगते, कारण माझा राग गोळीवर नाही. तिने मला उभं केलं. काही वर्षं मी ती घेत होते, ऑफिस करत होते, हसत होते.

मग आमच्या नेहमीच्या क्लिनिकमध्ये नवे डॉक्टर आले. आपल्याकडचेच, हिंदीत गप्पा मारणारे. मी त्यांना विचारलं की ही गोळी अजून किती दिवस घ्यायची. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, झोप येते का, जेवण जातं का. मी हो म्हटलं. “मग खलास. उद्यापासून बंद करा,” ते म्हणाले. हळूहळू कमी करायची का, असं मी विचारलं. त्याची काही गरज नाही, या गोळीची सवय लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी इथल्या सवयीने शुक्रन, म्हणजे थँक्यू, म्हणून बाहेर पडले. वाटेत मुलीसाठी शवर्मा घेतला. मला वाटलं, एक प्रकरण संपलं.

दोन दिवसांनी ऑफिसात मी मान वळवली आणि डोक्यात करंट बसला. दुसरा शब्द नाही. उघड्या वायरला बोट लागावं तसा, पण कवटीच्या आत. डोळे डावीकडून उजवीकडे नेले की पुन्हा. इंग्रजीत याला ब्रेन झॅप म्हणतात, म्हणजे मेंदूला बसणारा झटका. ते मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, डोक्यातली एखादी शीर फुटते आहे.

पुढे सगळंच आलं. जहाजात असल्यासारखी जमीन हलायची. मळमळ. थंडीताप असल्यासारखं अंग दुखायचं, पण ताप नसायचा. स्वप्नं इतकी खरी की उठल्यावर कोण जिवंत आहे आणि कोण नाही, ते आठवावं लागे. आणि राग. एका सकाळी आलियाने दुधाचा ग्लास तसाच ठेवला म्हणून मी तो सिंकमध्ये आपटून फोडला. ती दारात उभी राहून इंग्रजीत म्हणाली, “ममा, यू आर स्केअरिंग मी.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती फक्त सांगत होती.

शारजाला एका कामासाठी मी एकटी गाडी घेऊन निघाले होते. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर लागोपाठ झटके बसले. प्रत्येक झटक्याला क्षणभर समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. बाजूने खडीचे ट्रेलर धडधडत जात होते. मी कशीबशी गाडी कडेला घेतली, हझार्डचे दिवे लावले आणि इक्बालना फोन केला. ते येईपर्यंत मी मान न हलवता बसले होते.

मग तपासण्या. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. थायरॉइडचं रक्त. एमआरआय, म्हणजे त्या ठोकणाऱ्या बोगद्यात घालून मेंदूचे फोटो. कानाच्या डॉक्टरने व्हर्टिगो, म्हणजे कानातला तोल बिघडल्याने येणारी चक्कर, असं धरून मला कॉटवर झपकन आडवं पाडलं आणि मान वळवली. त्यात मी त्याच्या बुटांवर उलटी केली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

प्रत्येक ठिकाणी मी सांगत होते की गोळी बंद केल्यावर दोन दिवसांत हे सुरू झालं. प्रत्येक जण ते लिहून घ्यायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा. रिपोर्ट नॉर्मल आला की सगळ्यांचे चेहरे खुलायचे, माझा सोडून.

शेवटी पुन्हा त्याच क्लिनिकमध्ये. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि ते माझ्याशी नाही, इक्बालशी बोलले. रिलॅप्स आहे म्हणाले, म्हणजे जुना आजार उलटला. आता जुन्या गोळीचा दुप्पट डोस आणि सोबत आणखी एक गोळी, बहुतेक कायमची. मी म्हटलं, मला डिप्रेशन माहीत आहे, हे ते नाही. तेव्हा मला डोकं उचलवत नव्हतं, आता डोक्यात करंट बसतोय. त्यांनी इक्बालकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. बघा, असंच बोलतात, अशी ती मान होती. ती मान मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी लिहून दिलेली एकही गोळी मी घेतली नाही.

पेशंट एकदा डोक्याच्या गोळ्या घेतो म्हटलं की त्याच्या बोलण्याची किंमत संपते. चिडला, तर आजार. रडला, तर आजार. ‘हे आजारपण नाही’ म्हणाला, तर मोठाच आजार. मग त्याने खरं सांगायचं तरी कसं?

घरी इक्बाल माझ्याशी अगदी मऊ बोलायला लागले. जेवण बाहेरून मागवायचे. बाल्कनीचं दार लावून फोनवर बोलायचे. एका दुपारी आलिया शाळेतून आली, दप्तर न ठेवता माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, तू श्रीवर्धनला जाऊन परत येणार आहेस की कायमची जाणार आहेस. माझं तिकीट निघालं होतं. तिला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, माझ्या भावालाही माहीत होतं. मला नव्हतं.

इक्बाल ड्युटीवरून आले तेव्हा मी सोफ्यावर सरळ बसले होते, झटके बसू नयेत म्हणून नजर एका जागी ठेवून. मी ओरडले नाही. ओरडले असते तर तेही आजारात जमा झालं असतं.

“माझं तिकीट मला न विचारता काढलंत,” मी म्हटलं. “मी सामान आहे का?”

ते म्हणाले, डॉक्टर सांगतात आराम हवा, तिथे माणसं आहेत, इथे मी दिवसभर बाहेर, काय करू. त्यांचा आवाज फुटत होता. तेही घाबरले आहेत, हे मला दिसत होतं. पण त्यांच्या भीतीची सोय म्हणून मी विमानात बसणार नव्हते. मी सांगितलं की एकदा, फक्त एकदा, मला नीट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्यांनीही हेच सांगितलं, तर मी स्वतः बॅग भरीन.

अशा रीतीने आम्ही अबुधाबीला गेलो. सबंध वाट मी डोळे मिटून होते. वेटिंग रूममध्ये एक मोठा फिशटँक होता. माशांमागे नजर गेली की झटका बसायचा, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले. लोक बघत होते. बघू देत.

डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. त्रास गोळी बंद केल्यावर किती लवकर सुरू झाला? पहिल्या आजारात असे झटके होते का? मध्ये चुकून एखादी गोळी घेतली होती का, आणि तेव्हा काय झालं? तिसऱ्या प्रश्नावर मला आठवलं. घरात उरलेली एक कॅप्सूल मी वैतागून घेतली होती आणि तो एक दिवस बरा गेला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आजाराचं नाव सांगितलं.

मग समजावलं. हे व्यसन नव्हे. मेंदू इतकी वर्षं त्या औषधासोबत राहायला शिकलेला असतो. आधार हळूहळू काढला तर तो सावरतो, एकदम काढला तर कोसळतो. काही गोळ्या शरीरातून सावकाश जातात, ही फार झपाट्याने जाते, म्हणून हिचा धक्का मोठा. उपाय असा की डोस परत सुरू करायचा, शरीर स्थिरावू द्यायचं आणि मग टेपरिंग, म्हणजे थोडं थोडं करून कमी करणं.

इक्बालनी विचारलं, रिलॅप्स नाही हे नक्की ना. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, “तुमची बायको पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती. सगळ्यांनी लिहून घेतलं, पण कुणी वाचलं नाही.”

आठवडाभरात झटके विरले. तिकीट रद्द झालं.

पण टेपरिंग सोपं नव्हतं. वर्ष उलटून गेलं. डोस थोडा कमी करायचा, आठवडेच्या आठवडे थांबायचं, मग पुन्हा थोडा. जितकं खाली जावं, तितकी पायरी लहान करावी लागते, कारण शेवटचा तुकडाच सगळ्यात जड जातो. रमजानमध्ये वेळ बदलावी लागली. इफ्तारनंतर घ्यायची आणि त्या महिन्यात डोसला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलं. दोनदा मला एक पायरी मागे यावं लागलं. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. कॅप्सूल उघडून स्वतः प्रयोग करू नका. आणि मधल्या काळात जगणं नको वाटायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच कुणाला तरी सांगा. मला एकदा वाटलं होतं. मी सांगितलं.

बरी झाल्यावर मी जुन्या क्लिनिकमध्ये गेले. मुद्दाम अपॉइंटमेंट घेऊन. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “काही काही पेशंटना होतं असं.”

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

रेअर असतं, ते म्हणाले. मी म्हटलं, रेअर असलं तरी सांगायला एक वाक्य लागतं. ते एक वाक्य तुम्ही वाचवलंत आणि माझी गाडी दरीत जायची राहिली. त्यांनी सॉरी म्हटलं नाही. घड्याळ बघितलं. मी माझी वेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. ती वेळ माझी होती.

आता मी अगदी छोट्या डोसवर आहे. तो सुटेल किंवा सुटणार नाही. डॉक्टर म्हणतात, दोन्ही चालेल. मलाही चालेल. गोळी सुटली म्हणजे जिंकले असं मी आता मानत नाही. आभार मानायचे तर त्या सुदानी बाईंचे मानते, आणि प्रश्न सरळ विचारणाऱ्या माझ्या मुलीचे. बाकीच्यांशी माझा हिशेब बाकी आहे.

परवा जेवताना काहीतरी निघालं. सुट्टीत गावी किती दिवस जायचं, ते इक्बालनी पुन्हा आपल्या मनानेच ठरवून आईला सांगून टाकलं होतं. माझा आवाज चढला. आलिया ताटातून मान वर करून बघू लागली. इक्बाल थांबले. पूर्वी अशा वेळी ते विचारायचे, गोळी घेतलीस का. या वेळी त्यांनी जरा चाचरत विचारलं, “हा त्या औषधाचा राग की...”

“नाही,” मी म्हटलं. “हा तुमचा.”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “मग बोल,” ते म्हणाले आणि ऐकत बसले.