घुमटावरचा कापूस

कुणाच्याही घरात शिरण्याआधी खाँसाहेब उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर भिंतीवर दोनदा आपटत, कान पुढे करत आणि निकाल देत. "चालते अजून." नाहीतर, "हे जाते." मग जोडे काढून आत येत. अमरावतीच्या एका शेटजींनी कापसाच्या पैशात नवी माडी बांधली आणि अख्ख्या बाजाराला जेवायला बोलावलं. यांनी दारातच भिंत ठोकली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तीन पावसाळे." शेटजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती माडी अजून उभी आहे, हेही सांगायला हवं. यांचे निकाल बहुतेक चुकायचे.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याही छातीवर पेर आपटलं होतं. कान लावला आणि म्हणाले, "देशमुख, आतून पोकळ हाये." तेवढा एक निकाल मात्र बरोबर निघाला.

त्यांचं नाव सांगत नाही. बाजारात सगळे खाँसाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. ते मूळचे एलिचपूरचे, दलाली अमरावतीच्या कापूस बाजारात. मी अकोल्याकडचा, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान आणि माझ्या मते त्यांच्याहून पुष्कळ हुशार. अशी मतं असण्याचा तो काळच होता. अमेरिकेत कुठेतरी भाऊबंदकी लागली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या होत्या. लोकांनी ज्वारीची शेतं मोडून कापूस पेरला. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं ऐकलं, तेव्हा मी माझ्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घेतल्या. खिशात घड्याळ आलं. त्याला किल्ली द्यावी लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते वर्षभर सव्वादहा दाखवत होतं आणि मी ऐटीत लोकांना वेळ सांगत होतो.

खाँसाहेबांच्या हातीही तितकाच पैसा आला, बहुधा जास्तच. तो त्यांनी एका घुमटात घातला.

एलिचपूरच्या बाहेर, आंब्याच्या जुन्या बनाजवळ तो घुमट होता. खाली काळ्या दगडाचा चौथरा, वर कमानी, त्यांच्यावर विटा-चुन्याचा गोल माथा. माथा जिथून सुरू होतो तिथे चुन्यात काढलेल्या कमळाच्या पाकळ्या, म्हणजे सगळा घुमट फुलातून वर आलेला दिसावा. कुठे कुठे निळ्या झिलईच्या फरशीचे तुकडे अजून चिकटलेले होते. आत एकच कबर. कुणाची, ते कुणाला माहीत नव्हतं. "वर पाटी सपाट हाये," ते दाखवत, "पुरुषाच्या कबरीवर असते तसं कलमदान नाई. म्हणजे बाईमाणूस." त्यावरून लोक त्याला बेगमेचा घुमट म्हणत.

इमादशाही त्यांच्या लेखी संपलेलीच नव्हती. बहमनी सुलतानांचे सुभेदार वऱ्हाडात आले, पुढे स्वतःच सुलतान झाले, एलिचपुरातून राज्य केलं आणि शंभर वर्षं भरायच्या आत अहमदनगरच्या निजामशाहीनं त्यांना गिळलं. ही गोष्ट ते अशी सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच शेजारच्या घरावर जप्ती आली. नगरकरांवरचा त्यांचा राग तर गेलाच नव्हता. एकदा नगरकडचा एक भला व्यापारी बाजारात आला आणि त्यानं अदबीनं पानाचं तबक पुढे केलं. खाँसाहेबांनी हात मागे घेतला. "तुमच्या लोकायनं आमचं राज्य घेतलं," म्हणाले. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्या कुणा भावानं यांचं शेत बळकावलं असेल. तो दिवसभर माफी मागत फिरत होता.

गाविलगडावर त्यांनी मला एकदा जबरदस्तीनं नेलं. मी घोड्यावर, म्हणजे बराचसा घोड्याच्या मानेवर. वेशीवर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे, पंजात हत्ती धरलेले. हा पक्षी विजयनगरचा, असं खाँसाहेब सांगू लागले. इमादशाहीचा पहिला पुरुष तिकडच्याच मुलखातून लढाईत धरून आणलेला ब्राह्मणाचा पोर होता. मुसलमान झाला, सुलतान झाला, पण लहानपणी पाहिलेला पक्षी काही विसरला नाही. हे बोलताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. मला त्या वेळी घोड्याची काळजी होती, त्यामुळे मी फक्त "हो का" म्हणालो. आज तो पक्षी मला त्या घोड्याहून जास्त आठवतो.

आता घुमटाचं. त्याला माथ्यापासून कमानीपर्यंत तडा गेला होता आणि दर पावसाळ्यात पाणी आत उतरत होतं. एलिचपूरचा म्हातारा राजमिस्त्री म्हणाला होता की फार तर आणखी एक-दोन पावसाळे, मग माथा खाली येईल. तडा भरून सगळ्या माथ्याला नवा गिलावा हवा होता. खाँसाहेबांनी चुनकळी आणवली, खड्ड्यात विझवली, चुन्यात घालायला गूळ आणला, बेलफळं आणली. आणि काम तिथंच थांबलं. चुना मळायची घाणी ओढायला बैलच नव्हते. वऱ्हाडातला एकेक बैल कापसाच्या गाडीला जुंपलेला होता. मजूर नव्हते, भिश्ती नव्हते, गवंड्यांची पोरंसुद्धा गाड्या हाकत होती. ज्या कापसानं त्यांना पैसे दिले, त्यानंच सगळी माणसं नेली. "मुरू द्या चुना," ते म्हणत. "जितका मुरते तितका चांगला." पण म्हणताना तड्याकडे बघत.

शेवटी ते माझ्याकडे आले. आमच्या घराण्याला देशमुखीची सनद पहिल्यांदा एलिचपूरच्या दरबारातून मिळाली, असा त्यांनी शोध लावला होता. पुरावा काही नव्हता. पण बादशहाचं नाव निघालं की माझी छाती फुगते हे त्यांनी पहिल्याच दिवशी कान लावून ऐकलं होतं. मी बैल दिले. चांदीच्या शेंब्या लावून घाणीला जुंपले. सरळ रस्त्याची सवय लागलेली ती जनावरं गोल फिरेनात. मग जरीचा फेटा बांधून मीच त्यांच्या पुढे पुढे घाणीभोवती फिरू लागलो. वाटेनं जाणारे गाडीवान थांबून बघत होते. त्यातल्या एकानं खाँसाहेबांना विचारलं की हा नवस कुणाचा आहे. दुपारपर्यंत मला घेरी आली आणि बैल परत गेले.

मग अमेरिकेतली भाऊबंदकी मिटली. ऐन वैशाखात बातमी आली आणि भाव असा पडला की बाजार भर दुपारीच उठला. भाव अजून चढणार म्हणून मी माल धरून ठेवला होता. एलिचपुरात भाड्याच्या वखारीत माझी रुई छतापर्यंत रचलेली होती. घाईत घेतलेला माल, त्यात रुईइतकीच माती आणि पाचोळा. तेजीत तोही सोनं होता. आता त्याला कुणी विचारत नव्हतं. तरी महिन्याभरात भाव परत येईल असं मी सगळ्यांना सांगत होतो. घड्याळ विकून झालं होतं, शेंब्याही गेल्या होत्या. उरलेली माझी सगळी शहाणपणाची कमाई त्या वखारीत होती.

खाँसाहेब पार धुऊन निघाले. पण पहिल्यांदाच गावात बैल रिकामे होते, माणसं रिकामी होती. त्यांनी घोडा विकला, घरातली भांडी विकली आणि सगळ्यांना सांगितलं की मजुरी नाही, दोन वेळचं जेवण आहे. लोक आले. म्हातारा राजमिस्त्री आला. घाणी फिरली, तडा भरला, मुरलेला चुना माथ्यावर चढला. पांढरा, लोण्यासारखा. मी बघायला गेलो तेव्हा खाँसाहेब वरातीत निघाल्यासारखे आनंदात डोलत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं त्यांना बाजूला घेतलं. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. ओला गिलावा त्या उन्हात उघडा राहिला तर वाळेल, उलेल आणि पापुद्र्यांनी गळून पडेल. तो झाकून, भिजवून ठेवायला हवा होता, तोही पाऊस येईपर्यंत. झाकायचं कशानं? ज्वारी पेरली नव्हती, तेव्हा कडबा नव्हता. गोणपाट सगळं कापूस भरून मुंबईला गेलं होतं.

खाँसाहेब सरळ माझ्या वखारीत आले. त्या दिवशी भिंत ठोकायला विसरले. म्हणाले, "रुई पाहिजे."

मी म्हणालो, "भाव काय द्याल?" हसू नका. कापसाच्या व्यापाऱ्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी उपरण्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा; बघणाऱ्याला काही कळत नाही. खाँसाहेबांचा हात त्यात इतका तयार होता की चार बोटांत ते माणसाला घराबाहेर काढत. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि खालून माझा हात धरला. मी वाट बघत राहिलो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून उभे राहिले. हाताला चुन्याच्या भेगा पडल्या होत्या.

"तुमाले काही देऊ शकत नाई, देशमुख," ते म्हणाले. "माह्याजवळ आता थो घुमटच एक हाये."

मी मोठ्या मनानं दिलं असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला तो हात सोडवता येईना, आणि वखारीची किल्ली दुसऱ्या हातात होती.

माझी रुई घुमटावर गेली. गाड्यांवर बांधायच्या जाळ्यांखाली ती पसरली, दोर आवळले आणि भिश्त्यांनी मशकांनी ती भिजवली. वखारीतल्या ज्या कापसानं मला एक दमडी दिली नाही, त्याचं थंडगार ओलं पांघरूण बेगमेला मिळालं. लोक लांबून बघायला येत. माझी बायको आली, बराच वेळ वर बघत उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या हातून निदान एक बाई तरी उन्हाची सुखात निजली. मीही पाणी वाहिलं. मशक पाठीवर कशी घेतात हे शिकलो. कापसाच्या धंद्यातून मिळालेलं माझं तेवढंच एक कौशल्य.

खाँसाहेब दिवसभर उन्हात तिथंच असत. पाऊस यायच्या आत त्यांना तापानं धरलं आणि बऱ्हाणपूरला दिलेली त्यांची मुलगी त्यांना गाडीत घालून तिकडे घेऊन गेली. जाताना मला एवढंच म्हणाले, "आतून पाहून ठेवा."

पाऊस चांगला झाला. बऱ्हाणपूरकडून येणारा एक गाडीवान दर फेरीला माझ्याकडे थांबे आणि निरोप देई. निरोप एकच असायचा: आत टपकते काय? मी आत जाऊन बघितलं होतं. तडा बुजला होता, गिलावा घट्ट होता, माथा वाचला होता. फक्त एका जागी, कबरीच्या पायथ्याशी, थांबून थांबून एक थेंब पडत होता. मोठा पाऊस असला तरच. अंथरुणावरच्या माणसाला हे कशाला सांगायचं? मी निरोप पाठवला की आत कोरडं ठणठणीत आहे, खाँसाहेबांनी निवांत राहावं.

गाडीवान श्रावणात परत आला. या वेळी तो गाडीवरून खाली उतरला आणि पागोटं काढून हातात घेतलं. खाँसाहेब गेले होते. पण माझा निरोप त्यांना आधी पोचला होता, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. गाडीवानानं ते मान खाली घालून, घोकल्यासारखं म्हणून दाखवलं:

"देशमुखाले सांग, खोटं बोलू नको. पायथ्याशी टपकतच असंन. मिस्त्री जेवाले गेल्ता, तवा तेवढी जागा म्या माह्या हातानं लिपली. राहवलं नाई. तिथं एक गाडगं ठेव म्हणा."

त्याच संध्याकाळी मी कुंभाराकडून एक गाडगं घेतलं आणि घुमटात गेलो. बाहेर झड लागली होती. थेंब नेमका कुठे पडतो ते समजायला थोडा वेळ लागला. गाडगं सरकवत सरकवत त्याच्या खाली आणलं आणि पहिला थेंब आत पडल्याचा आवाज आल्यावर भिंतीला टेकून बसलो.

पुढे राजमिस्त्रीच्या मुलानं मला बरेचदा सांगितलं की तेवढी जागा खरवडून नीट लिंपून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी त्याला हात लावू देत नाही. गाडगं फुटलं की नवं आणतो.