उपाशी गव्हाचे यजमान

संहिताचा गहू उपाशी होता आणि रघुवीररावांनी त्याला जेवू घातलं, एवढाच काय तो गुन्हा. गुलछडीच्या कुंडीसाठी आणलेल्या डीएपी खतातली एक चिमूट त्यांनी पाण्यात विरघळवली आणि खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या ग्लासांत थोडी थोडी ओतली. ओतताना त्यांच्या चेहऱ्यावर पंगतीत तूप वाढणाऱ्या माणसाचं समाधान होतं.

यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. त्यांचे पणजोबा होळकरांच्या मुदपाकखान्यावर कारकून होते, आणि लोकांना खाऊ घालणं आपल्या रक्तातच आहे अशी रघुवीररावांची पक्की समजूत होती. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं. त्यांच्या विजय नगरच्या फ्लॅटवर सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा पोहे खाल्ल्याशिवाय जिना उतरत नसे. अशा घरात, त्यांच्याच दुपारच्या झोपेच्या खोलीत, कुणालातरी मुद्दाम उपाशी ठेवायचं म्हणजे अतीच झालं.

ठेवणारी होती त्यांची सून. संहिता मूळची सोलापूरची, इंदूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बोलणं असं, की जणू प्रत्येक शब्दाला पदरचे पैसे मोजावे लागतात. पोह्यांवर शेव घालत नाही. हा काहीतरी आजार असावा असं तिच्या सासूबाईंना, म्हणजे शोभनाबाईंना, लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं. सांवेर रोडवरून जाताना कारखान्याच्या भिंतीतून उगवलेलं एखादं रोप दिसलं की ती स्कूटर थांबवते, ते अलगद उपटते आणि पर्समधल्या भिंगातून त्याची मुळं न्याहाळते. चौकीदार तिला पाहणीला आलेली मॅडम समजून खुर्ची आणून देतात. ती खुशाल बसते.

तिच्या पीएचडीचा विषय मूलरोम. मुळांवर जी बारीक लव असते ती. घरात पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा रघुवीररावांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत विचारलं होतं, की केसांवर पीएचडी करायची तर मुळांच्याच कशाला? संहिता हसली नव्हती. दोन मिनिटांनी, ताक पिताना, एकदम हसली होती.

यंदा ऐन उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि तिची रोपं घरच्या एसीच्या खोलीत मुक्कामाला आली. ओल्या खाकी कागदाच्या पुंगळ्या, पुंगळीत गव्हाची कोवळी रोपं, आणि पुंगळीचं बूड ग्लासातल्या पाण्यात. अर्ध्या ग्लासांत सगळं पोषण होतं. उरलेल्यांत फॉस्फरस, म्हणजे डीएपीत ठासून भरलेला असतो तोच, जवळजवळ नव्हताच.

जेवताना तिने समजावून सांगितलं होतं. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतो, आपण होऊन मुळाकडे येत नाही. तो कमी पडला की रोप मूलरोम लांब करतं, दूरवर हात पसरतं. एकेक रोम म्हणजे फक्त एक पेशी. पण ती वाढवायलाही खर्च येतो, म्हणून रोपाच्या आत एक यंत्रणा ‘वाढ’ म्हणते, तर दुसरी ‘पुरे’ म्हणते.

“पंगतीसारखंच की,” रघुवीरराव खूश होऊन म्हणाले. “एक आग्रह करणारा आणि एक पानावर हात आडवा धरणारा.”

“बरोबर. माझं काम त्या आडव्या हातावर आहे.”

शनिवारी तिचा पीएचडीचा सेमिनार होता. बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांना लांब मूलरोमांची रोपं दाखवायची. हा शनिवार हुकला तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर. हे सगळं रघुवीररावांना ठाऊक होतं. पण दुपारी एसीच्या गारव्यात, कचोरीवर ताव मारून आडवं व्हायचं आणि शेजारी ही पोरकी लेकरं कोरड्या तोंडाने उभी, हे त्यांना बघवेना.

दोन दिवसांनी संहिताने पुंगळी उलगडली, भिंग लावलं आणि मूळ टोकापर्यंत न्याहाळलं. मुळाच्या वरच्या भागावर दाट, लांब लव होती. खाली टोकाकडे, जिथे मूळ नव्याने वाढलं होतं, तिथे आखूड खुंट. रोम एकदा वाढून थांबला की थांबला. पोट भरल्याची बातमी नव्या रोमांनीच द्यायची. मुळाने चोख साक्ष दिली होती.

“बाबा, परवा यांना कोणी जेवायला घातलं?”

रघुवीरराव वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, की बेटा, थोडंसंच. किती, हे तिने विचारलं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. शोभनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की अहो, सुनेची पीएचडी ही काय पितृपक्षातली गाय आहे का, येता-जाता घास भरवायला?

संहिता रागावली नाही. तिने त्याच संध्याकाळी नवा गहू भिजवला, कारण कोंब फुटून लव यायला शनिवारपर्यंतचे दिवस जेमतेम पुरणार होते. आणि पहाऱ्याला तिने रघुवीररावांनाच बसवलं. शोभनाबाईंनी कपाळावर हात मारला.

ते दिवस रघुवीररावांना फार जड गेले. खताची पिशवी त्यांनी स्वतःहून शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. कचोरी खायची झाली तर खोलीबाहेर जाऊन, रोपांकडे पाठ करून खायचे. दुपारी पुंगळ्यांची समजूत घालायचे, “थोडा सब्र करो भिया, शनिवार तक.” वाटेत खजरान्याचं देऊळ दिसलं की तिथल्या गणपतीला सांगायचे, की यांना काही मिळू देऊ नकोस. इतक्या वर्षांत देवाकडे त्यांनी असं मागणं कधी मागितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पुंगळी उलगडली. टोकापर्यंत लव, मखमलीसारखी. रघुवीररावांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. लेकरं उपाशी होती, पण काय झटली होती.

सेमिनारला ते मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले. परीक्षकांनी खोदून खोदून विचारलं, संहिताने मोजकी उत्तरं दिली आणि ती पुरली. शेवटी पडद्यावर एक फोटो आला. वर दाट लव, खाली खुंट. खाली ओळ: ‘सासऱ्यांचा हस्तक्षेप. मात्रा अज्ञात, म्हणून निष्कर्षात धरलेला नाही.’ हॉल हसला. रघुवीरराव उभे राहिले आणि त्यांनी सत्कार स्वीकारावा तसा सगळ्यांना नमस्कार केला.

मंजुरी मिळाली. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी उपाशी ग्लासांत खत घातलं, या वेळी सुनेला विचारून. मग शेवेची बशी मांडीवर घेऊन खुर्चीत रेलले आणि टकलावरून हात फिरवत म्हणाले, “बेटा, एक खरं सांग. मी गव्हाचं रोप असतो, तर माझे मूलरोम किती लांब वाढले असते?”

संहिताने बशीकडे पाहिलं, मग त्यांच्या पोटाकडे.

“आलेच नसते, बाबा.”