ताईंची जीप मध्येच का अडायची

फोन मुक्ताचा होता. वैशालीताईंची ही मुलगी मला फोन करायची ती बहुतेक जीपबद्दलच. मी फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात, मशिनच्या आवाजात उभा होतो. हसतच म्हणालो, "काय, परत अडली का?" पलीकडून ती म्हणाली, "मामा, आई गेली." ऑफिसात मीटिंग चालू असताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता काही आठवडे झाले. पण त्या बातमीच्या तोंडावर मी हसत होतो, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

ताई माझ्या सख्ख्या बहीण नव्हेत. नागपूरला आमच्याच वस्तीतल्या. नोकरीसाठी मी दिल्लीत नवखा आलो तेव्हा लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी मला कित्येक महिने ठेवून घेतलं. ऑफिसात त्यांचा दरारा होता. घरी आल्या की ओढणी खुंटीला अडकवून जीपच्या बॉनेटखाली डोकं घालायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी गुडगावला नोकरीला लागली, तेव्हा त्यांनी ही जुनी, पेट्रोलवरची फोर-बाय-फोर घेतली. रविवारी सकाळी अरवलीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर निघायच्या. रिटायर झाल्यावर तिच्यातून हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरवलं होतं.

त्या जीपला नंतर एक विचित्र खोड लागली. तासभर छान चालायची, मग चढावर अचानक जोर जायचा. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी रांगायची, कधी बंदच पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठणठणीत. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनियर, त्यामुळे हे माझ्याकडेच आलं. फिल्टर बदलला. पेट्रोल ओढणारा पंप बदलला. ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल तापत असेल म्हणून तीही बदलली. टाकी उतरवून धुतली. दर वेळी मी म्हणायचो, "ताई, आता बिलकुल अडणार नाही," आणि पुढच्या रविवारी ती कुठेतरी अडलेली असायची. एकदा ताई म्हणाल्या, "पेट्रोल भरल्याबरोबर बरी चालते रे, तू पाहिलंस का?" मी म्हणालो, "योगायोग आहे. पंपावरचं पेट्रोलच भेसळीचं असणार." त्या गप्प बसल्या. त्या अशा गप्प बसल्या की त्यांना माझं पटलं, असं मला वाटायचं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पूर्वी एकदा मी जीपच्या ब्रेकचं काम केलं होतं आणि ते नीट झालं नव्हतं. चार लोकांसमोर ताई हसून म्हणाल्या, "प्रशांत, हे पुन्हा करावं लागेल बाबा." एवढंच. मी सहा-सात महिने त्यांच्या घरी गेलो नाही. शेवटी ताईच डबाभर सांबारवड्या, आमच्या नागपूरच्या कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन फरीदाबादला आल्या. ब्रेकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

ताई गेल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली. मुक्ता म्हणाली, जीप मी गुडगावला नेते, तुम्ही सोबत चला. पेट्रोलचा दाब दाखवणारं प्रेशर गेज जोडून मी तिच्या शेजारी बसलो. या वेळी दोष पकडायचाच, असं ठरवून... ताईंसाठी, असं मनाला सांगत होतो. मुद्दाम अरवलीकडून वळसा घ्यायला लावला. डोंगरातला चढ लागला आणि जीप रांगायला लागली. मी गेजकडे बघून म्हणालो, "बघ, प्रेशर पडतंय, पंपच आहे." मुक्ता उतरली. मागे जाऊन तिने किल्लीने टाकीचं झाकण उघडलं. सुस्स... करत आत हवा ओढली गेली. झाकण लावून ती परत आली. "चला, आता चालू करते." जीप चढ सहज चढून गेली.

ते झाकण मीच दिलेलं. क्वार्टरबाहेर पेट्रोल चोरीला जायचं म्हणून काश्मिरी गेटच्या मार्केटमधून कुलपाचं झाकण ताईंच्या वाढदिवसाला आणलं होतं. जुन्या झाकणात हवा आत घेणारी बारीक झडप होती, माझ्या झाकणात नव्हती. पेट्रोल कमी होत जाई तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढवेना.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"आई करायची. दर चहाला थांबलो की आधी झाकण उघडायची. पार लॅन्सडाऊनच्या डोंगरात आम्ही असंच गेलो होतो, मामा."

"मग मला का नाही सांगितलं? झाकण बदलायचं तरी!"

मुक्ताने गिअर बदलला. "मी म्हटलं होतं. तर आई म्हणाली, नको, तो पुन्हा यायचा बंद होईल."

चुकीचं झाकण कुणीही आणतं, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण बड्या साहेबांना तोंडावर 'हे चूक आहे' सांगणाऱ्या ताई माझ्यासमोर दोन वर्षं गप्प राहिल्या. मी येत राहावं म्हणून. आणि मी दर खेपेला त्यांच्या हातचा चहा पीत त्यांनाच इंजिन समजावून सांगत होतो...

दुसऱ्या दिवशी मी झडपेचं झाकण आणून बसवलं, पुढचे-मागचे टायरही अदलाबदल करून दिले. जीप आता अडत नाही. संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. जरा अडखळतच म्हणाली, "मामा, एक सांगू का? स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. कालपर्यंत नव्हतं... म्हणजे, तुम्ही टायर बदलल्यापासून. राग नाही ना येणार?"

"सांग ना," मी म्हणालो, "अजून काय काय होतंय ते पण सांग."

ती सांगत राहिली. मी ऐकत होतो, आणि 'सांग ना' हे दोन शब्द मी ताईंना कधी म्हणालो होतो का, ते आठवत होतो.