तरव्याची पहिली मूठ

समुद्रावर उठलेलं चक्रीवादळ घाट चढून आमच्या जोयड्याच्या रानात येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आलं आणि परसातला फणस स्वयंपाकघरावर पाडून गेलं. नंतर जो भेटायला येई तो म्हणे, "माणसं वाचली, हे काय कमी हाय?" मी मान हलवून आत जाई. आत म्हणजे अर्ध्या छपराखाली. वादळापेक्षा मला नंतरच्या दिवसांनी छळलं. लाकडं ओली, काड्यापेटी सादळलेली, विजेचे खांब आडवे. एकदा चूल पेटेना म्हणून मी हमसून हमसून रडले आणि मग चुलीलाच शिव्या घातल्या.

आमचे हे रडलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. वडिलांनी लावलेल्या त्या पडलेल्या फणसावर सकाळपासून बसून राहत. बेळगावच्या दिरांचा फोन आला होता की कारखान्यात काम आहे, सगळे इकडेच या. "हितं आता काय ऱ्हायलंय?" एवढंच हे म्हणत. मला जायचं नव्हतं. का, ते मला धड सांगता येत नव्हतं, म्हणून राग आणखीच यायचा.

अशातच मी माळ्यावरची मुडी खाली काढली. बियाण्याचं भात आम्ही पेंढ्यात गच्च आवळून ठेवतो, तो गोल गठ्ठा म्हणजे मुडी. ती भिजून फुगली होती. हात घातला तर आत ऊब, आणि भाताला पांढरे मोड. पेरणीला अजून अवकाश होता, पण मोड आलेलं बी थांबत नाही. लगेच चिखलात पडलं नाही तर कुजतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वाला, दाखवलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "अजून जित्तं हाय."

ह्यांना हाक मारली. "कोंबड्यांना घाल," हे म्हणाले. "डोक्यावर छप्पर न्हाई आन् तुला तरवा सुचतोय."

तरवा म्हणजे लावणीची रोपं. आमच्यात लावणी बायकांची, पण तरव्याची पहिली मूठ घरच्या पुरुषानंच टाकायची. बाईनं टाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"उठता का मी टाकू?"

हे हलले नाहीत. मी टोपली उचलून चालू लागले, तर अव्वा कुदळ घेऊन मागून आली. ओढ्याकाठचा तुकडा भिजलेलाच होता. आम्ही दोघींनी तो खणला, पायांनी तुडवून चिखल केला. अव्वानं बांधावर नारळ फोडला.

"टाक गं," ती म्हणाली. "द्येवाचं काय ते मी बघते."

मी मूठ भरून टाकली. सगळं बी एकाच जागी ढिगानं पडलं. दुसरी मूठही तशीच.

"कोंबड्यांना घाल म्हटलं, तर हितंच घालतीस व्हय?"

हे बांधावर उभे होते. वादळानंतर ह्यांच्या तोंडून थट्टेचा पहिला शब्द आला होता, आणि मला हसू यायचं सोडून रडूच फुटलं.

"जमत न्हाई मला. पन टाकणार," मी म्हणाले आणि तिसरी मूठ भरली. ह्यांनी चपला काढल्या, लुंगी वर खोचली आणि माझ्या हातातली टोपली ओढून घेतली.

छपराचं काम मागे पडलं. भाकऱ्या आम्ही ताडपत्रीखाली भाजत होतो, आणि पाखरं हाकायला हे रोज सकाळी ओढ्याकाठी जात. फणसावर बसायला त्यांना वेळच राहिला नाही.

पुन्हा दिरांचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही बांधावर होतो. वाफा हिरवा झाला होता. एका कोपऱ्यात माझ्या मुठींचे दाट पुंजके उठून दिसत होते. ह्यांनी तिकडे पाहत फोन कानाला लावला.

"येत न्हाई रं," हे म्हणाले. "तरवा उगवलाय. तुझ्या वैनीनं कोपरा बिघडवलाय जरा, पन उगवलाय."