शाळा साडेबाराला सुटते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्यांना मी दाढ ठणकण्यापासून भाजी खारट होण्यापर्यंत सगळं सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या मंडळात चर्चा होती. वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का? मी तावातावानं बोलले. करावा म्हटलं. परवाने द्या, दवाखाने द्या, पण आधी त्या बायकांचं म्हणणं ऐका! टाळ्या पडल्या. एकजण म्हणाली, "अहो, केवढ्या धीट आहात हो तुम्ही!" धीट. मी घरी आले आणि कुकर लावला.

ऐका म्हणे. मी ऐकलं होतं की —

आठ वर्षं झाली. हडपसरला एका सरकारी कार्यालयात मी कारकून होते. पोलिसांना धाडीसाठी पंच हवे होते, त्यात एक बाई लागतेच. पंचाचं काम काय, तर जे झालं ते आपल्या डोळ्यांदेखत झालं म्हणून कागदावर सही करायची. साहेबांनी माझं नाव दिलं. सकाळी अकराला आम्ही एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. बाहेर मसाज पार्लरची पाटी होती. चालवणाऱ्या माणसाला खाली गाडीत बसवलं. आत एकच बाई होती, तिशीची असेल. तिनं आम्हाला पाणी दिलं. मी ग्लास घेतला नाही. का घेतला नाही? किळस आली मला, दुसरं काय.

हवालदार लिहीत होते — सदर महिलेला बळजबरीनं ठेवलेलं आढळलं. ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तसं नाही. मी माझ्या मर्जीनं येते. तेवढं लिहायला सांगा ना. आणि माझी मुलगी दुसरीत आहे, शाळा साडेबाराला सुटते. शाळेत एक फोन तरी करा." नंबरही सांगितला. दोनदा सांगितला.

हवालदारांनी मान वर केली नाही. मी घड्याळ बघितलं, पावणेबारा झाले होते. सही केली — पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. तिला सुधारगृहात नेलं आणि मी ऑफिसात येऊन डबा खाल्ला.

एवढंच असतं तर कदाचित मंडळात सांगूनही टाकलं असतं. घाबरले हो, सुचलं नाही, असं काहीतरी. पण एवढंच नाही ना.

दोन महिन्यांनी तिनं सुटकेचा अर्ज केला, की मला कुणी बळजबरीनं ठेवलं नव्हतं, घरी सोडा; त्यावर मला कोर्टात बोलावलं. तिच्या वकीलबाईंनी आधी कोर्टाला सांगितलं, की त्या दिवशी मुलगी तीन वाजेपर्यंत शाळेच्या फाटकाशी बसून होती. मग तिला बालगृहात ठेवलं. म्हणजे आई एकीकडे आणि लेक दुसरीकडे. नंतर मला विचारलं — मी स्वतःच्या मर्जीनं येते, असं ही तुमच्यासमोर म्हणाली होती का?

मी म्हणाले, "नाही. काहीच बोलली नाही."

कुणी दम दिला नव्हता मला. हो म्हटलं असतं तर 'मग सही कशी केलीत?' हे आलंच असतं. नोकरी होती, लोक काय म्हणतील ते होतं. मुलीचं ऐकून झाल्यावर मी हे बोलले, हे लक्षात घ्या. ती समोरच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली, जशी काही खोटं तीच बोलली. अर्ज नामंजूर झाला. मी स्वारगेटला आले, बस मिळाली, बसायला जागाही मिळाली.

काही वाटलं का? नाही. आजही धड वाटत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, तसं आहे सगळं. कायदा करा, नका करू — कागद कुणीतरी लिहिणार आणि खाली सही करायला माझ्यासारखी कुणीतरी मिळणार. हे मी मंडळात बोलले नाही.

ती मुलगी आता दहावीला असेल. किंवा नसेल. त्या दोघी पुन्हा एकत्र आल्या का, मी कधी चौकशी केली नाही.

शाळेचा तो नंबर मला अजून पाठ आहे. त्या दिवशी मोबाइल माझ्या पर्समध्येच होता.